मुक्या रातकिड्यांना मादी मिळते कशी? काउआई बेटावरचं एक प्रकरण

2003 साली वर्तनशास्त्रज्ञ मार्लीन झुक आणि त्यांचे सहकारी हवाईतल्या काउआई बेटावर आपल्या नेहमीच्या जागी पोचले, तेव्हा अंधार पडला होता आणि गवतातून काहीही ऐकू येत नव्हतं. हवाई बेटांवरच्या रातकिड्यांचा अभ्यास त्यांनी 1991 मध्ये सुरू केला होता. काउआईवर दर खेपेला आवाज कमी होत चालला होता आणि 2001 च्या फेरीत तर अख्ख्या जागेत एकच नर गाताना सापडला होता. त्यामुळे ही शांतता अनपेक्षित नव्हती. इथली वस्ती संपली, एवढाच तिचा अर्थ दिसत होता. तरीही निव्वळ सवयीने सगळे डोक्याला बॅटऱ्या लावून गवतात शिरले, आणि उजेडाच्या गोलात रातकिडे दिसायला लागले. एखाददुसरा नव्हे, भरपूर. नर होते, माद्या होत्या, सगळे धडधाकट. फक्त कुणी गात नव्हतं.

नर पकडून पंख पाहिल्यावर उलगडा झाला. बहुतेक नरांच्या पंखांवर गाण्याचं साहित्यच नव्हतं. पंख मादीच्या पंखासारखे सपाट, साध्या जाळीदार शिरांचे. अशा नरांना तेव्हापासून ‘फ्लॅटविंग’, म्हणजे सपाटपंखी, म्हणतात. झुक, जॉन रोटेनबेरी आणि रॉबिन टिंगिटेला यांनी 2006 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काउआईवरचे 90 टक्क्यांहून जास्त नर मुके झाले होते, आणि तेही 20 पेक्षा कमी पिढ्यांत.

मी प्राण्यांचा ध्वनिसंवाद आणि जोडीदाराची निवड या विषयात पोस्टडॉक करते. नव्याने या क्षेत्रात येणारं कुणी ‘नेमकं काय वाचू?’ असं विचारतं, तेव्हा मी हेच प्रकरण पुढे करते. ते सहसा एका वाक्यात सांगितलं जातं: गाणाऱ्याला माशी मारते, म्हणून रातकिड्यांनी गाणं सोडलं. वाक्य चुकीचं नाही, पण त्यातून अवघड भाग वगळला जातो. गाणं सोडणाऱ्या नराचा जीव वाचला, हे कळलं. त्याला पिल्लं कशी झाली? जगला पण मादी मिळाली नाही, तर तो पंखही त्याच्याबरोबरच संपणार. म्हणून या प्रकरणात गाणाऱ्याकडे नव्हे, ऐकणाऱ्यांकडे पाहावं लागतं.

गाण्याचे दोन श्रोते

हा रातकिडा म्हणजे टेलिओग्रायलस ओशियानिकस. मूळचा ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा, हवाईत नंतर पोचलेला. नर पंखांनी गातो. पुढचे दोन पंख एकमेकांवर टेकलेले असतात. एका पंखाच्या खालच्या अंगाला कानशीसारखी दातेरी शीर असते, दुसऱ्याच्या कडेला टणक धार. पंख मिटताना ही धार दात्यांवरून सरकते आणि पंखावरचे पातळ, ताणलेले भाग थरथरून आवाज मोठा करतात. एक मिटणं म्हणजे आवाजाचा एक ठोका. स्वराची पट्टी साधारण 5 किलोहर्ट्झच्या आसपास. मादीच्या पंखांवर यातलं काहीच नसतं. ती गात नाही, ऐकते, आणि तिचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात.

गाणी दोन. एक दूरवर जाणारं बोलावणं, जे ऐकून मादी अंधारात चालत किंवा उडत येते. दुसरं मादी अगदी जवळ आल्यावरचं आर्जवाचं गाणं, जे तिला अंगावर चढायला राजी करतं. हा तपशील पुढे फार उपयोगी पडणार आहे, म्हणून इथे थांबून सांगते. रातकिड्यांत मादी नराच्या पाठीवर चढते. ती चढली नाही तर नराला काहीही करता येत नाही, जबरदस्तीची सोयच नाही. तेव्हा निवड दोन टप्प्यांत होते: यायचं की नाही, आणि आल्यावर चढायचं की नाही. मुका नर दोन्ही टप्प्यांवर रिकाम्या हाताने उभा असतो.

दुसरा श्रोता म्हणजे ऑर्मिया ओक्रेशिया ही माशी. मूळची उत्तर अमेरिकेतली. हवाईत ती पोचल्यावर हा रातकिडा आणि ही माशी एकाच जागी आले. गाणाऱ्या रातकिड्यावर माशी आवाजाच्या मागाने येते, हे विल्यम केड यांनी 1975 मध्ये टेक्सासमध्ये दाखवलं. त्यांचा प्रयोग आजही मला त्याच्या साधेपणामुळे आवडतो: स्पीकरवरून गाणं वाजवायचं, स्पीकरवर मेलेला रातकिडा ठेवायचा. माश्या आल्या आणि त्यांनी त्या मेलेल्या किड्यावर अळ्या सोडल्या. म्हणजे वास नाही, हालचाल नाही, फक्त आवाज पुरेसा होता.

ही माशी अंडी नव्हे, जिवंत अळ्या सोडते, गाणाऱ्याच्या अंगावर आणि आसपास. अळी किड्याच्या अंगात शिरते, आतून त्याला खात वाढते आणि साधारण 7 ते 10 दिवसांनी बाहेर पडून मातीत कोष करते. किडा मरतो. माशीच्या कानाची गोष्ट तर स्वतंत्र लेखाची आहे. मान आणि पुढच्या पायांच्या मध्ये छातीवर दोन पडदे, दोन्ही मिळून जेमतेम अर्धा-एक मिलिमीटरच्या जागेत. इतक्या कमी अंतरात आवाज एका कानावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पडण्यातला फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा लागतो. पण हे पडदे एका लवचीक दांडीने जोडलेले आहेत, तराजूच्या पारड्यांसारखे, आणि तो फरक त्या जोडणीमुळे कित्येक पटींनी वाढतो. डॅनियल रॉबर्ट, रोनाल्ड हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात हे उलगडलं. पोटात अळ्या असलेल्या मादी माशीचा कान 5 किलोहर्ट्झजवळच सगळ्यात तीक्ष्ण असतो. रातकिड्याच्या मादीला जे ऐकायचं असतं, नेमकं तेच.

सपाट पंख इतक्या लवकर का पसरला

अनुवंशाचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण तो नीट सुटलेला आहे. टिंगिटेला यांनी संकर करून दाखवलं की काउआईवरचा सपाट पंख एकाच जागेवरच्या उत्परिवर्तनातून, म्हणजे जनुकातल्या बदलातून, येतो आणि ती जागा एक्स गुणसूत्रावर आहे. रातकिड्यात मादीला दोन एक्स असतात आणि नराला एकच, वाय नसतोच. नराचा तो एकुलता एक्स आईकडून येतो. म्हणून उत्परिवर्तन एका मादीत आलं की तिच्या अर्ध्या मुलग्यांत ते लगेच दिसतं, आड लपून राहत नाही. माद्यांच्या पंखात फरक पडत नाही, त्या ते निमूटपणे पुढे नेतात. आणि मुका नर स्वतःचा मुकेपणा मुलग्यांना देऊच शकत नाही. तो सगळ्या मुलींना देतो आणि नातवांत तो परत दिसतो.

माशीचा दाब जबर होता. मुक्या नरांत अळ्या सापडणं अगदीच विरळ होतं. माशीमुळे गाणाऱ्यांच्या वागण्यातही बदल दिसत होते: जिथे माशीचा त्रास जास्त, तिथले नर थोडी चाहूल लागली की गाणं थांबवतात आणि पुन्हा सुरू करायला जास्त वेळ घेतात. म्हणजे भीतीची किंमत मोजणं आधीच चालू होतं. सपाट पंखाने ती किंमत एका झटक्यात शून्यावर आणली.

पण जगण्याचा फायदा कितीही मोठा असला तरी समागमाचा हिशेब शून्य आला, तर गुणाकार शून्यच. इथून पुढचं काम मला खरं मोलाचं वाटतं.

मुका नर काय करतो

पहिलं उत्तर झुक यांच्या गटाने प्रत्यक्ष गवतातच शोधलं. स्पीकरवरून नराचं गाणं वाजवलं आणि कोणते नर किती जवळ येऊन थांबतात ते मोजलं. मुके नर स्पीकरकडे ओढले जात होते आणि गाणाऱ्या नरांपेक्षा जास्त जवळ येऊन बसत होते. अर्थ सरळ आहे. जे थोडे गाणारे उरले होते, त्यांच्या आवाजावर माद्या येत होत्या, आणि मुके नर वाटेत ठाण मांडून बसत होते. संशोधनात अशा नरांना उपग्रह नर म्हणतात. ही युक्ती सपाट पंखाबरोबर आलेली नाही, हे मात्र ठळकपणे लक्षात घ्यायला हवं. नेहमीच्या पंखाचे नरही काही वेळा गाणं टाकून दुसऱ्याच्या गाण्याजवळ घोटाळतात. कौशल्य जुनं होतं. पंख बदलल्यावर ते एकदम जीवनावश्यक झालं.

दुसरं उत्तर मादीकडे आहे. उपग्रह होऊन मादीची गाठ पडली, तरी आर्जवाचं गाणं नसताना ती पाठीवर चढणार का? टिंगिटेला आणि झुक यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या माद्यांची तुलना केली. हवाईतल्या माद्या मूळ प्रदेशातल्या माद्यांपेक्षा गाण्यावाचून समागमाला जास्त तयार होत्या. त्यांचं स्पष्टीकरण मला पटतं. छोट्या बेटावर नव्याने पोचलेल्या मूठभर किड्यांत जी मादी ‘असाच आवाज हवा, तसाच हवा’ म्हणून अडून बसेल, ती पिल्लांवाचून मरेल. जी चालवून घेईल तिचा वंश टिकेल. म्हणजे मादीची सैल झालेली निवड आधी, आणि पंख नंतर. पंखाने दार फोडलेलं नाही. दार किलकिलं होतंच.

तिसऱ्या उत्तराने मला या विषयात ओढलं. नेथन बेली आणि झुक यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माद्या दोन प्रकारे वाढवल्या: काही गाण्याच्या आवाजात, काही शांततेत. शांततेत वाढलेल्या माद्या गाणं ऐकवल्यावर जास्त तत्परतेने धावल्या आणि चांगल्या-वाईट गाण्यात कमी भेद करू लागल्या. आजूबाजूला गाणारे बरेच आहेत असं वाढताना ऐकलं असेल, तर मादी चोखंदळ होते. काहीच ऐकलं नसेल, तर जो मिळेल तो. पुढे 2010 मध्ये बेली, ब्रायन ग्रे आणि झुक यांनी नरांतही अशीच गोष्ट दाखवली: शांततेत वाढलेले नर उपग्रह होण्याकडे जास्त झुकतात.

हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. मुके नर वाढले की गवत शांत होतं. गवत शांत झालं की त्यात वाढणाऱ्या माद्या कमी चोखंदळ होतात आणि नर जास्त उपग्रह होतात. आणि या दोन्ही गोष्टी मुक्या नराच्या पथ्यावर पडतात. उत्परिवर्तन स्वतःभोवती असं वातावरण तयार करतं की त्यात त्याचंच फावतं. यासाठी एकही नवं जनुक लागत नाही. त्याच पिढीत, त्याच किड्यांत, फक्त काय कानावर पडलं यावर हे घडतं. 20 पिढ्यांचा वेग समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते ही फिरती साखळी माशीइतकीच महत्त्वाची आहे.

अशा निकालावर विश्वास कधी ठेवावा

इथे थोडं कामाच्या जागेबद्दल लिहिते. मादीची निवड मोजायची रीत ऐकायला सोपी आहे. अंधारी खोली, आवाज परतू नये म्हणून भिंतींना फोम, मध्ये मादी, दोन टोकांना दोन स्पीकर. झाकण उचलल्यावर मादी लगेच धावत नाही. आधी मिशा फिरवते, दोन पावलं टाकते, थांबते, पुढचे पाय फाकवून स्थिर उभी राहते, मग किंचित वळते आणि पुन्हा दोन पावलं. ते थांबणं म्हणजे ऐकणं. लाल दिव्यात तासन्‌तास हेच पाहत बसायचं, आणि मला ते अजूनही कंटाळवाणं वाटलेलं नाही.

माझ्या पहिल्या हंगामात एका ठरावीक गाण्याकडे माद्यांचा कल इतका स्वच्छ आला की मी आनंदाने वही बंद करणार होते. मग सवयीप्रमाणे स्पीकरची अदलाबदल केली, तर कल गाण्याबरोबर गेला नाही, स्पीकरपाशीच राहिला. डावा स्पीकर थोडा जास्त मोठा वाजत होता. आवाजाचा मापक मी स्पीकरच्या तोंडाशी धरला होता, मादी जिथून निघते त्या बिंदूवर नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, हे पुस्तकात शंभरदा वाचलेलं होतं. पण मादी मधोमध आहे की दोन बोटं डावीकडे, याची मी पर्वा केली नव्हती. तीन आठवड्यांच्या चाचण्या बाजूला ठेवल्या आणि पुन्हा सुरुवात केली. त्या दिवसापासून कुठलाही प्रयोग वाचताना मी आधी मापक कुठे ठेवला होता ते शोधते.

दुसरी खोट याहून फसवी. एकाच नराचं ध्वनिमुद्रण 50 माद्यांना ऐकवलं, तर माद्या 50 झाल्या, गाणं मात्र एकच राहिलं. त्यावरून ‘माद्यांना लांब गाणी आवडतात’ असं म्हणता येत नाही. फार तर त्या एका नराबद्दल काही म्हणता येईल. पक्ष्यांच्या अभ्यासात यावर 1980 च्या दशकाच्या शेवटी बराच वाद झाला आणि त्यातून पद्धत सुधारली.

या चाळणीतून पाहिलं की काउआईचं प्रकरण भक्कम का वाटतं ते कळतं. त्यात एकाच चाचणीवर डोलारा उभा नाही. गवतातला स्पीकर, प्रयोगशाळेतले संकर, वेगवेगळ्या बेटांवरच्या माद्यांची तुलना, आवाजात आणि शांततेत केलेली जोपासना, हे सगळं स्वतंत्रपणे एकाच दिशेला बोट दाखवतं. एखाद्यात चूक निघाली तरी बाकीचं कोसळत नाही.

अडचण: सगळेच मुके झाले तर?

उपग्रह व्हायला मध्ये कुणीतरी गाणारा लागतो. काउआईवर गाणारे पुढे इतके कमी झाले की हे उत्तर अपुरं पडू लागलं. सुसान बॅलेंजर आणि झुक यांनी 2015 मध्ये दाखवलं की शांततेत वाढलेले नर जास्त चालतात, जास्त हिंडतात. बोलावणारं कुणी नसेल आणि बसून वाट पाहण्यात अर्थ नसेल, तर पायपीट करून गाठ पडण्याची शक्यता वाढवायची. आधी एका जागी बसून आवाज करणारा नर आता निमूट फिरणारा नर झाला. अर्थात रातकिड्यांची संख्या दाट असेल तोवरच हे चालेल. वस्ती विरळ झाली की अंधारात योगायोगाने भेट होणं कठीण, आणि तिथे ही रीत किती टिकते हे मला स्वतःला पाहायला आवडेल.

शेजारची बेटं

2005 मध्ये ओआहू बेटावरही सपाटपंखी नर सापडले. पहिला अंदाज साहजिकच असा की काउआईवरून कुणीतरी तिकडे गेलं असेल. सोनिया पास्कोअल, बेली आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये पंखांची मोजमापं आणि जनुकीय खुणा तपासल्या, तेव्हा तो अंदाज मोडीत निघाला. दोन बेटांवरचे सपाट पंख दिसायलाही एकसारखे नव्हते, आणि त्यांच्यामागचे जनुकीय बदलही वेगळे होते. एकच माशी, एकाच जातीचा रातकिडा, आणि मुकं होण्याच्या दोन वेगळ्या वाटा, जवळजवळ एकाच काळात. त्यानंतर आखूड पंख, मुडपलेले पंख असे मुकेपणाचे आणखी प्रकारही हवाईत नोंदले गेले.

मोलोकाई बेटावर गोष्टीने वेगळंच वळण घेतलं. टिंगिटेला आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये तिथल्या अशा नरांचं वर्णन प्रसिद्ध केलं जे मुके नाहीत, पण गातही नाहीत. ते गुरगुरतात, मांजर समाधानाने गुरगुरतं तसे. आवाज अगदी हळू आणि एका पट्टीवर न टिकता बऱ्याच पट्ट्यांत पसरलेला. माद्या जवळ असल्या तर या आवाजाच्या आधाराने नर शोधतात. माशीला मात्र तो धड सापडत नाही. दोन श्रोत्यांच्या कानांमध्ये जी फट होती, तिच्यात हे गुरगुरणं बसलं आहे.

प्रकरणातला शेवटचा तपशील विल श्नायडर, ख्रिश्चन रुट्झ, बर्थोल्ड हेडविग आणि बेली यांनी 2018 मध्ये दिला. तोंडी सांगितला तर तो खरा वाटत नाही, म्हणून शक्य असेल तर मी नव्या विद्यार्थ्यांना मुका नर समोरच दाखवते. संध्याकाळ होते, नर स्थिर होतो, दोन्ही पंख नेहमीच्या कोनात वर उचलतो आणि उघडझाप सुरू करतो. गाणाऱ्या नराचा जो ठेका, तोच. मिनिटांमागून मिनिटं. मायक्रोफोनच्या पडद्यावर रेघ सपाट असते, कारण घासायला कानसच उरलेली नाही. पंखांत गाणं नाही, पण ते चालवणाऱ्या नसांत आणि स्नायूंत ते जसंच्या तसं आहे. त्याची शक्ती खर्च होते, हाती काही लागत नाही, तरीही तो गातो. मोलोकाईचं गुरगुरणं ऐकल्यापासून मी या दृश्याकडे वेगळ्या नजरेने पाहते: असा ठेका शाबूत असलेल्या वस्तीत एखाद्या पिढीतल्या पंखावर चार दाते जरी परत उमटले, तरी त्या नराला गाणं नव्याने शिकावं लागणार नाही. तो त्याच संध्याकाळी ऐकू येईल.